फडक्यावरचा रंग

मागच्या शनिवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास मी स्वतःच्या हाताने स्वतःच्या गाडीचा रंग घालवला. फार नाही, बोनेटच्या डाव्या कडेला, दहा रुपयांच्या नाण्याएवढा. दुःखाची गोष्ट ती नाही. दुःखाची गोष्ट ही, की तो जायच्या मिनिटभर आधी माझ्या हातातल्या पांढऱ्या फडक्यावर लाल रंग आला होता आणि तो बघून मी खूश झालो होतो. म्हटलं, चला, आता कुठे पॉलिश लागायला लागलं! आणि मग आणखी जोर लावला.

असं मला का वाटलं असावं, हे शोधण्यात माझा रविवार गेला. वाचता वाचता मी दीडशे वर्षं मागे घोडागाडीपर्यंत गेलो. तर आजचा लेख त्यावर.

आधी शनिवार सांगतो. गाडी नऊ वर्षांची, लाल, छोटी हॅचबॅक. सावलीत बरी दिसते. उन्हात काढली की बोनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं जाळं दिसतं, घासून घासून जुन्या झालेल्या स्टीलच्या ताटावर दिसतं ना, तसं. हे ओरखडे प्रत्यक्षात गोल नसतात. ते सगळ्या दिशांना वेडेवाकडे असतात, पण त्यातले जे प्रकाशाला आडवे असतात तेवढेच चमकतात, म्हणून डोळ्यांना वर्तुळ दिसतं. या जाळ्याला 'स्वर्ल मार्क' म्हणतात आणि ते घालवण्याच्या उद्योगाला डिटेलिंग. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने स्टुडिओत पैसे मोजून ते करून घेतलं. त्याने आकडा सांगितल्यावर मी ठरवलं की हे घरी करायचं. (ज्याने एकदा का होईना स्वतः घरचा नळ दुरुस्त करायला घेतलाय, त्याला पुढचं सांगायला नको.)

एक बादली शॅम्पूची, एक साध्या पाण्याची. फडकं आधी साध्या पाण्यात खळबळायचं, मग शॅम्पूत बुडवायचं, म्हणजे काढलेली माती परत गाडीवर जात नाही. मग क्ले बार, म्हणजे मुलांच्या खेळातल्या चिकणमातीसारखा गोळा. ओल्या बोनेटवर तो हलकेच सरकवला की रंगात रुतलेले बारीक कण उचलले जातात. हा प्रकार जपानमधला. तादाओ कोदाते यांना त्याचं अमेरिकन पेटंट १९९५ मध्ये मिळालं. इथपर्यंत माझं सगळं झकास चाललं होतं. तळहात फिरवला तर काचेसारखा सरकत होता. तिथेच थांबलो असतो तर हा लेख लिहायला लागला नसता. पण घरात ड्रिल मशीन होतं, ड्रिलला लागणारा स्पंजाचा गोल पॅड होता आणि हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला रबिंग कंपाउंडचा डबा होता. आणि माझ्या डोक्यात बाबा होते.

बाबांकडे फिकट निळी पद्मिनी होती. सेकंड हँड घेतलेली, आधीच्या मालकाने कुठल्यातरी गॅरेजमधून एकदा पूर्ण रंगवून घेतलेली. खंडेनवमीच्या आधीच्या रविवारी बाबा जुनी बनियन फाडून तिची फडकी करायचे, एका डब्यात बोट बुडवून तपकिरी कंपाउंड काढायचे आणि हातभर जागा घेऊन घासत सुटायचे. थोड्या वेळाने फडकं निळं व्हायचं. माझं काम एवढंच, की फडकं पूर्ण निळं झालं की दुसरं द्यायचं. "रंग आला की समजायचं, मळ निघाला," असं बाबा म्हणायचे. तो निळा हात आणि त्यानंतर मडगार्डमध्ये दिसणारा स्वतःचा चेहरा, हे माझ्या लहानपणच्या दसऱ्याचं चित्र आहे. आपट्याची पानं त्यानंतर.

म्हणजे बाबा चूक होते का? नाही. त्यांच्या गाडीसाठी ते शंभर टक्के बरोबर होते. घोटाळा असा झाला, की मधल्या काळात गाडीचा रंगच बदलला आणि आमच्या घरातली माहिती मात्र तीच राहिली. इंजिनिअरांच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिम अपग्रेड झाली आणि मी जुनं मॅन्युअल उघडून बसलो होतो.

ते मॅन्युअल कुठून आलं? मोटारी जन्मल्या तेव्हा त्यांना रंग देणारे लोक घोडागाड्या रंगवणारेच होते. रंग म्हणजे जवसाच्या तेलात खललेला रंग (आपल्याकडचे रंगारी त्या तेलाला बेल तेल म्हणतात) आणि वर कोपलसारख्या झाडांच्या डिंकापासून केलेलं व्हार्निश. ब्रशने एक हात द्यायचा, वाळू द्यायचा, प्यूमिस दगडाच्या पुडीने आणि पाण्याने घासून सपाट करायचा, पुन्हा हात द्यायचा. असे एकावर एक कितीतरी हात. शेवटच्या व्हार्निशसाठी वेगळी बंद खोली, धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी शिंपडलेलं. चकाकी अप्रतिम यायची. फक्त वेळ लागायचा. जवसाचं तेल आपण समजतो तसं 'वाळत' नाही. पाणी उडून जातं तसं त्यातलं काही उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. घाई केली तर वरून साय धरते आणि आत ओलं राहतं. त्यामुळे चांगल्या गाडीच्या रंगाला आठवडेच्या आठवडे जायचे.

घोडागाडीच्या जगात याची कुणाला अडचण नव्हती. वर्षाला शे-दोनशे गाड्या करणाऱ्या कारखान्यात चार गाड्या वाळत उभ्या राहिल्या तर बिघडलं काय? आणि ज्याच्याकडे ती गाडी जायची त्याच्याकडे ती धुवायला माणूस असायचा. मालकाचा रंगाशी संबंध फक्त त्यात चेहरा बघण्यापुरता.

अडचण सुरू झाली १९१३ मध्ये. फोर्डने हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती असेंब्ली लाइन सुरू केली आणि साधारण साडेबारा तास लागणारी चासीची जुळणी १९१४ पर्यंत ९३ मिनिटांवर आणली. आता गाडी जुळते दीड तासात आणि रंग वाळतो काही आठवड्यांत. आमच्या क्षेत्रातल्यांना लिटलचा नियम आठवेल (जॉन लिटल यांनी तो १९६१ मध्ये सिद्ध केला): रांगेत किती नग उभे असतील, तर दर दिवसाला येणारे नग गुणिले प्रत्येकाला लागणारे दिवस. रोज हजार गाड्या करायच्या आणि रंगाला तीन आठवडे लागणार, तर कोणत्याही क्षणी २१,००० गाड्या नुसत्या वाळत उभ्या. छपराखाली, धुळीपासून लांब. एवढं छप्पर आणायचं कुठून?

फोर्डने यावर काढलेलं उत्तर सगळ्यांना माहीत आहे: काळा रंग. मॉडेल टी १९०८ मध्ये आली तेव्हा ती लाल, हिरवी, निळी, करडी मिळायची. १९१४ ते १९२५ मात्र फक्त काळी. काळा सगळ्यात लवकर वाळायचा म्हणून, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. डांबराच्या जातीचं गिल्सोनाइट आणि जवसाचं तेल यांचा 'जपान ब्लॅक' भट्टीत भाजता यायचा, हे खरं. पण भट्टी सोसायची ती लोखंडी भागांनी. लाकडी सांगाड्याची बॉडी तेवढ्या उष्णतेत कशी घालणार? काळा स्वस्त होता, टिकायचा, आणि एकच रंग ठेवला की लाइनवर कुठला दरवाजा कुठल्या गाडीचा हा प्रश्नच उरत नाही, ही कारणं मला जास्त वजनदार वाटतात. काहीही असो, लाखो लोकांना काळी गाडी चालली, कारण ती परवडत होती.

पण माणसाला परवडायला लागलं की आवडायलाही लागतं. ज्याच्या घरी एक काळी मोटार आहे त्याला दुसरी काळीच कशाला हवी असेल? ही गोष्ट जनरल मोटर्सला कळत होती, पण रंगांचा मार्ग वाळणाऱ्या गाड्यांच्या रांगेने अडवलेला. तो मोकळा केला बंदुकीच्या दारूने! हे मी फेकत नाहीये. ड्यु पाँ ही १८०२ पासून दारूगोळा करणारी कंपनी. पहिल्या महायुद्धात तिने प्रचंड प्रमाणात नायट्रोसेल्युलोज केलं, म्हणजे कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून मिळणारा भडका उडवणारा पदार्थ. १९१८ मध्ये युद्ध संपलं. कारखाने उभे, रसायनशास्त्रज्ञ पगारावर, आणि गिऱ्हाईक गायब. त्याच ड्यु पाँचा जनरल मोटर्समध्ये मोठा हिस्सा होता.

नायट्रोसेल्युलोज द्रावकात विरघळवून चकचकीत लेप करता येतो हे आधीपासून माहीत होतं. पण ते द्रावण इतकं घट्ट व्हायचं, की ब्रशला किंवा फवाऱ्याला चालेलसं पातळ केलं तर त्यात रंगद्रव्य नावाला उरायचं. १९२० च्या जुलैमध्ये ड्यु पाँच्या प्रयोगशाळेत यावर तोड सापडली. तसंच पडून राहिलेलं द्रावण आपोआप पातळ झालेलं दिसलं आणि तिथून धागा मिळाला, असं सांगतात. पातळ असूनही भरपूर रंग धरून ठेवणारं द्रावण. त्यातून तयार झाला 'ड्युको'. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख चार्ल्स केटरिंग यांनी तो गाडीवर बसवण्यासाठी पाठपुरावा केला आणि १९२३ च्या अखेरीस ओकलंड या ब्रँडच्या निळ्या गाड्या ड्युको लावून बाजारात आल्या.

हा रंग ऑक्सिजनची वाट बघत नाही. त्यातला द्रावक उडून गेला की झालं. फवारणीने देता येतो. (फवाऱ्याचीही गंमत आहे. ओहायो राज्यातल्या टोलेडोच्या डॉ. अॅलन डीव्हिलबिस यांनी तो मुळात रोग्याच्या घशात औषध मारण्यासाठी केला होता. त्यांच्या मुलाने त्याची रंगाची बंदूक केली.) आठवड्यांचं काम तासांवर आलं. केटरिंगची एक दंतकथा फार सांगितली जाते. रंगाच्या धंद्यातल्या एका जाणकाराने ठामपणे सांगितलं, की इतक्या लवकर गाडी रंगवून होणं शक्य नाही. केटरिंग त्याला जेवायला घेऊन गेले, बोलता बोलता त्याला कुठला रंग आवडतो ते विचारलं. जेवण झाल्यावर पाहुणा आपली गाडी शोधत उभा, आणि गाडी त्याच्यासमोरच, नव्या रंगात. खरी असो वा नसो, गोष्ट सांगणाऱ्याला वाळायच्या वेळेचं महत्त्व बरोबर कळलं होतं.

पुढचं सगळं भराभर झालं. जनरल मोटर्सच्या बाकी गाड्यांनाही ड्युको आला. फोर्डला १९२६ च्या मॉडेलमध्ये रंग परत आणावे लागले आणि मे १९२७ मध्ये, दीड कोटी गाड्या झाल्यावर, मॉडेल टी बंद झाली. त्याच वर्षी जनरल मोटर्सने हार्ली अर्ल यांच्या हाताखाली गाड्यांचं रूप आणि रंग ठरवणारा स्वतंत्र विभाग काढला.

'ड्युको' हा शब्द तुम्ही नक्की ऐकलाय. घरात फर्निचरचं काम काढलं असेल तर सुताराने विचारलं असेल, "साहेब, शटरला लॅमिनेट लावायचं का डुको मारायचा?" तोच हा. युद्धानंतर शिल्लक राहिलेल्या क्षमतेतून निघालेला, अमेरिकेच्या रस्त्यांना रंगीत करणारा ड्युको आज आपल्या मॉड्युलर किचनमध्ये सामान्यनाम होऊन बसलाय.

आता मुद्द्यावर येतो. ड्युकोने कारखान्याचा वेळ वाचवला, पण तो वेळ हवेत विरला नाही. त्यातला थोडा मालकाच्या रविवारात जाऊन बसला. फवारून सुकलेला ड्युको व्हार्निशपेक्षा टिकाऊ होता, पण त्याच्यासारखा आपोआप आरशासारखा चकाकायचा नाही. घासून चमक आणावी लागायची. कारखान्यात ती आणली जायची. नंतर उन्हाने वरचा थर मरायचा आणि खडूसारखा पांढुरका व्हायचा. तो मेलेला थर घासून काढला की खाली ताजा रंग. आणि तो थर रंगाचाच असल्यामुळे फडक्यावर गाडीचा रंग यायचा. निळ्या गाडीचा निळा. तेव्हा त्याला रंग गेला असं म्हणत नसत. काम नीट चाललंय याची ती खूण होती.

१९२९ मध्ये अमेरिकेत साधारण पाच माणसांमागे एक मोटार होती. एवढ्या लोकांकडे गाडी धुवायला माणूस कुठून येणार? आपणच घासायची. आणि घासायला काहीतरी विकायला हवंच. रंग विकणाऱ्या ड्यु पाँनेच 'नंबर ७ ड्युको पॉलिश' विकायला काढलं, म्हणजे दुखणंही आमच्याकडे आणि औषधही! शिकागोची सायमनिझ कंपनी तर १९१० पासून होतीच. ती दोन डबे विकायची: एक घासून साफ करायचा, दुसरा वर लावायच्या मेणाचा. तिचं नाव इतकं रुळलं, की गाडी चमकवणे या अर्थाचं क्रियापद म्हणून ते इंग्रजी शब्दकोशात गेलं.

मला यातला सगळ्यात आवडलेला माणूस म्हणजे शिकागोचाच बेन हर्श. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला तो घरच्या बाथटबमध्ये 'प्लास्टोन' नावाचं पॉलिश ढवळायचा आणि त्याची बायको ते बाटल्यांत भरायची. कंपनीच सांगते ती गोष्ट अशी, की रिग्ली फील्डच्या बेसबॉल मैदानाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांचं एकेक मडगार्ड तो न विचारता चमकवून ठेवायचा आणि मॅच सुटेपर्यंत तिथेच थांबायचा. मालक आला की एक मडगार्ड आरसा आणि बाकी गाडी मळकट! बाटली घेतल्याशिवाय तो जाणार कसा? हीच कंपनी पुढे टर्टल वॅक्स झाली. फ्री ट्रायल म्हणतात ती हीच.

आणि मेण कुठलं, तर ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या कार्नौबा या ताडाच्या जातीचं. कोरड्या उन्हात पानातलं पाणी टिकावं म्हणून हे झाड पानांवर मेणाचा थर धरतं. पानं तोडायची, वाळवायची, झोडपायची, मेण झडतं. ते वितळायला ८० अंश सेल्सियसच्या वर तापमान लागतं, म्हणून तापलेल्या बोनेटवरही टिकतं. जॉन्सन वॅक्सचे मालक एच. एफ. जॉन्सन १९३५ मध्ये या झाडांच्या शोधात स्वतः पाण्यावर उतरणाऱ्या सिकोर्स्की विमानातून ब्राझीलला गेले होते. झाडाने स्वतःला उन्हापासून वाचवायला केलेली सोय आपण गाडीला लावतो, हे मला फार छान वाटतं. तर ते असो.

आपल्याकडे ही विद्या आली ती वेगळ्या हवेत रुजली. अमेरिकेत दर वर्षी नवं मॉडेल, नवा रंग. दोन-चार वर्षं चमकवायची आणि बदलायची. आपल्याकडे वालचंद हिराचंद यांची प्रीमियर १९४४ ची, हिंदुस्तान मोटर्स १९४२ ची, आणि त्यानंतर कित्येक दशकं गाड्या मोजक्याच, नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. एकदा मिळालेली गाडी पंधरा-वीस वर्षं ठेवायची. म्हणजे रंग उन्हाने मरणार, घासून पातळ होणार, मग डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जाणार. तो लांबी भरणार, वॉटर पेपर मारणार, फवाऱ्याने ड्युको मारणार, रबिंग करून परत देणार. पुन्हा बाबांचं फडकं. रंग संपला तर पुन्हा मारता येतो, हे गृहीतच होतं. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्स्या बघा, ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची रस्त्यावरून उतरेपर्यंत एकेकीच्या अंगावर किती थर चढले असतील!

तोवर कारखान्यातला रंग मात्र पूर्ण बदलला होता. मधले अल्किड एनॅमल, अॅक्रिलिक वगैरे टप्पे मी गाळतोय, कारण माझ्या बोनेटवरचा गुन्हा एकाच गोष्टीशी संबंधित आहे. १९८० च्या दशकात जगभर एक पद्धत रुळली: रंगाचा थर पातळ आणि मॅट ठेवायचा आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट द्यायचा. चमक, खोली, ऊन अडवणारी रसायनं, सगळं त्या वरच्या बिनरंगी थरात. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन. पत्र्यावरचे सगळे थर मिळून जेमतेम झेरॉक्सच्या कागदाएवढे, त्यातला अर्ध्याहून कमी हा. आपण उन्हात जे जाळं बघतो ते या थरातलं. पॉलिश करणं म्हणजे ओरखड्यांच्या तळापर्यंत हा थर खरवडणं. नीट केलं तर एका वेळी एक-दोन मायक्रॉन जातात. तो परत येत नाही. आमच्याकडे निदान रोलबॅक तरी असतो.

आणि हा थर बिनरंगी असल्यामुळे कितीही घासा, फडकं पांढरंच राहतं! शनिवारी पाऊण तास माझं फडकं पांढरं होतं आणि मला वाटत होतं, कंपाउंड बोगस दिसतंय. म्हणून मी ड्रिलचा वेग वाढवला. बोनेटच्या कडेला रंग आधीच पातळ बसलेला असतो आणि ड्रिलसारखा एकाच आसाभोवती फिरणारा पॅड तिथे टेकला की सगळा दाब आणि सगळी उष्णता त्या रेघेवर. (नवशिक्यांनी ड्युअल अॅक्शन मशीन वापरावं, ते पॅड फिरवतानाच हलवतंही, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मी ते वाचलं होतं. ड्रिल घरात होतं.) मग फडकं लाल झालं. म्हणजे क्लिअर कोट संपून मी खालच्या रंगाला लागलो होतो. पद्मिनीच्या भाषेत त्याचा अर्थ होता 'शाब्बास', आणि या गाडीच्या भाषेत 'थांब रे बाबा'. मी पद्मिनीची भाषा बोलत होतो. आणखी दहा सेकंदांत लाल गेला आणि प्रायमरचा करडा दिसला.

रात्री बाबांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "फडक्यावर रंग येईपर्यंत घासायचं, हे मीच सांगितलं होतं ना तुला?"

"हो, पण तुमच्या गाडीला ते बरोबर होतं, बाबा."

"विकली तेव्हा डिकीच्या कडेला पत्रा दिसत होता, आठवतं का? मी तिथे स्टिकर लावला होता."

मला तो स्टिकर आठवत होता. गणपतीचा होता. मी इतकी वर्षं समजत होतो की बाबांनी तो भक्तीने लावलाय.

राहता राहिला मूळ प्रश्न: ते जाळं आलं कुठून? रविवारी सकाळी सहाला खाली जाऊन बघितलं. आमच्या सोसायटीत एक काका गाड्या पुसतात. महिन्याचे ठरलेले पैसे, रोज पहाटे, सतरा गाड्या. त्यांच्याकडे एक बादली आणि एक फडकं. पहिल्या दोन गाड्यांनंतर पाणी चहासारखं होतं आणि त्याच पाण्यात पिळलेल्या फडक्याने उरलेल्या पंधरा गाड्या पुसल्या जातात. माझी अकरावी. म्हणजे नऊ वर्षं रोज सकाळी दहा गाड्यांची धूळ माझ्या क्लिअर कोटवरून फिरत होती. क्षणभर राग आला. मग विचारलं, की काका, पाणी का बदलत नाही? तर ते म्हणाले, टँकरचं पाणी आहे, कमिटीने एकच बादली ठरवून दिलीय, दुसरी भरली तर वॉचमन ओरडतो. हा नियम ज्या मीटिंगमध्ये झाला तिच्या इतिवृत्तावर माझी सही आहे. मी तपासलं.

पुढच्या मीटिंगसाठी अर्ज दिलाय: गाड्या पुसायला रोज चार बादल्या. तोवर काकांना दोन नवी मायक्रोफायबरची फडकी आणून दिली आणि सांगितलं, ही फक्त माझ्या गाडीला वापरा. काल खाली गेलो तर त्यातलं एक शेजारच्या डॉक्टरांच्या नव्या गाडीवर फिरत होतं. मी काही बोलायच्या आतच काका म्हणाले, "साहेब, तुमचा रंग तसाही गेलाय. त्यांचा अजून आहे."